सासूबाईंच्या हायड्रेंजियाला सोबत

"हायड्रेंजिया उत्तम. निळा रंग अप्रतिम. पायथा टकला."

गावोगावच्या बागांना मार्क देत फिरणारी एक समिती असते. त्या उन्हाळ्यात ती आमच्या लान्वेरेकला आली, प्रत्येक घराच्या कुंपणाशी मान वाकडी करून उभी राहिली, आणि नंतर नगरपालिकेच्या दारावर जो कागद लागला त्यात माझ्या नावापुढं हे लिहिलेलं होतं. माझं नाव गुल्वेन. जन्मभर गावच्या पोस्टाच्या खिडकीमागे बसून तिकिटं विकली आणि त्याच वर्षी निवृत्त झालो. त्या खिडकीतून गावाला माझं डोकं तेवढं दिसायचं, आणि ते कोणत्या अवस्थेत आहे हे सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे तो कागद वाचणारा प्रत्येक जण आधी कागदाकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग एकदम पाव आणायची आठवण होऊन निघून जायचा.

दुसऱ्या कुणाच्या बागेला असं म्हटलं असतं तर मीही हसलो असतो. आमच्या ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, समुद्राकाठी ज्या घरापुढं हायड्रेंजियाचं चेंडूएवढ्या गुच्छांचं झुडूप नाही, ते घर विकायला काढलंय असं लोक धरून चालतात. पण आमच्या फाटकाजवळचा ताटवा साधासुधा नव्हता. तो सासूबाईंचा. घरही सासूबाईंचंच. मी आणि माझी बायको आनाइग तिथं राहायचो, एवढंच.

सासूबाईंचं नाव कॉरांतीन. ऐंशी कधीच उलटलेली, बारा महिने काळा पोशाख, रविवारी डोक्यावर लेसची ताठ टोपी. बोलणं तारेसारखं. शब्द मोजके, आणि ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स. त्यांचे यजमान जोब बोटीवर होते, ते मी त्या घराचा जावई व्हायच्या कितीतरी आधी छातीच्या दुखण्यानं गेले. तेव्हापासून म्हातारीचं जग म्हणजे वरची खोली, तिची पुढची खिडकी आणि तो ताटवा.

आणि जुलैचा शेवटचा रविवार. त्या दिवशी आमच्या चॅपेलची, म्हणजे गावच्या छोट्या चर्चची जत्रा, पार्दों. मरियामातेची मूर्ती पालखीत ठेवून समुद्रापर्यंत नेतात, आणि पालखीला फुलं लागतात ती फक्त आमच्या फाटकाजवळची. दुसऱ्या कुणाची चालत नाहीत. मरियामातेच्या झग्याचा रंग निळा, आणि तसला निळा पंचक्रोशीत कुठंच नाही. सकाळी सासूबाई स्वतः कात्रीनं फुलं तोडायच्या, बायका टोपल्या धरून उभ्या राहायच्या, आणि चॅपेलपर्यंतच्या वाटेवर पाद्रीबाबासुद्धा त्यांच्यापुढं पाऊल टाकायचे नाहीत. गावात म्हातारीला तेवढा एक मान उरला होता. मी हात घालायला निघालो तो नेमका त्या ताटव्याला.

"आई," मी एका दुपारी विषय काढला, "समिती म्हणते, पायथा टकला आहे."

"कुणाचा?"

"हायड्रेंजियाचा."

"मग ठीक आहे." त्यांनी घिरड्यावर खारं लोणी फासलं. "त्याला काही लागत नाही. एकटा उभा आहे तो. मीपण आहे. मला कुणी नावं ठेवलीत का?"

ठेवली नव्हती. कुणाची छाती होती?

पण मला निवृत्त होऊन तीनच महिने झाले होते. निवृत्त माणसाच्या हातात कुदळ आणि मनात अपमान, याहून धोकादायक गोष्ट घरात दुसरी नसते, असं आनाइग पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगत असे. मी ठरवलं, हायड्रेंजियाच्या पायाशी शोभेल, टिकेल आणि समितीचं थोबाड बंद करील अशी सोबत शोधायची.

"फर्न लाव आणि जेवायला ये," आनाइग म्हणाली. हा सल्ला शहाणपणाचा होता. शिवाय तो घरातून आलेला. म्हणजे विचारात घ्यायचा प्रश्नच नव्हता.

मी शेजारच्या फाँशकडे गेलो. फाँश नौदलातून निवृत्त झालेला. घरात चहाचे कपसुद्धा एका रांगेत आणि कान एकाच दिशेला.

"आगापांथस," तो म्हणाला. "सरळ दांडा, वर गोंडा. रांगेत उभं राहतं. तुझ्या हायड्रेंजियाला शिस्त नाही, गुल्वेन. बघ कसे लोळतात. पुढं पहारा पाहिजे."

त्यानं स्वतः येऊन दोरी लावली आणि आगापांथसची रांग उभी केली. त्याला ऊन लागतं आणि हायड्रेंजियाला सावली, ही बारीकशी गोष्ट त्याच्या पहाऱ्यात बसत नव्हती. पंधरवड्यात सगळी रांग उन्हासाठी रस्त्याकडे वाकली. रस्त्यानं जाणारा म्हातारा-कोतारा दचकून टोपी उचलू लागला. पुढच्या पावसात ती तशीच वाकलेली मेली. फाँश म्हणाला, "नोकरीवर असताना गेली, याहून चांगलं मरण नाही."

मग पाद्रीबाबांनी प्रेमानं जपानी ॲनिमोनीची रोपं दिली. पांढरी, नाजूक, लाजरी फुलं. लावली तिथं एकही उगवलं नाही. सगळी जमिनीखालून चालत गेली आणि फाँशच्या कोबीत वर आली. फाँशनं याला सरहद्द ओलांडणं म्हटलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. एक तर आमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीच्या फटीतून डोकावलं. आनाइग म्हणाली, "हे ठेव. एवढं एकच तुझं ऐकून आत आलंय."

रस्त्यापलीकडे सोइझिक राहायची, सासूबाईंच्याच वयाची, त्यांच्याच वर्गातली, आणि पहिलीपासून त्यांच्याशी चुरस असलेली. तिनं मला कुदळीसकट पाहिलं आणि काठी उगारली.

"हात लावू नकोस रे त्याला! तो निळा तुझा नाही, तुझ्या सासूचाही नाही. गावाचा आहे."

"मी फक्त पायथा भरतोय, आजी."

"पायथाच," ती म्हणाली. "पायथ्यालाच तर हात लावू नकोस."

मला वाटलं, म्हातारपण. लोक पुष्कळ गोष्टींना म्हातारपण म्हणतात, आणि त्यांतल्या निम्म्या तरी सूचना असतात. असो.

शेवटी आला मिस्टर विल्मट. त्या वर्षांत इंग्रज लोक आमच्याकडे पडकी घरं घेऊन ती आणखी पडकी दिसावीत म्हणून खर्च करत असत. विल्मट त्यांतलाच. पण बागेतलं त्याला कळतं, असं सगळे म्हणायचे, कारण तो तिथं पावसात छत्री न घेता उभा राहायचा. त्यानं आमच्या ताटव्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाला, "होस्टा."

होस्टा म्हणजे मोठमोठ्या पानांचं झाड, सावलीत खूष. मी त्याच्या बागेत पाहिलं होतं. हिरवी, निळसर, पांढऱ्या काठाची पानं, जरीच्या काठासारखी. ठरलं. शरदात खड्डे खणायला घेतले.

पहिल्याच घावाला खण्ण झालं.

जमिनीत छपराच्या काळ्या पाट्या निघाल्या. आमच्या घरांची छपरं ज्या दगडी पाट्यांची असतात, त्याच. फुटक्या, तुटक्या, एकीवर एक. प्रत्येक झुडपाच्या मुळाशी थरच्या थर. पाट्यांनी हायड्रेंजियाला निळा रंग येतो, असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात. म्हातारी माणसं असंही म्हणतात की शुक्रवारी केस कापले की दात दुखतो. मी जन्मभर नियमांच्या पुस्तकाप्रमाणे चाललेला माणूस. पत्ता नसलेलं पाकीट मी कधी पुढं जाऊ दिलं नाही, मग वाफ्यात कचरा कसा राहू देणार? एकेक पाटी काढून ढीग लावायला लागलो.

वरची खिडकी उघडली. सासूबाई.

"काय निघालं?"

"पाट्या, आई! पुष्कळ आहेत."

त्यांनी खिडकीतून वाकून ढीग पाहिला. मला वाटलं, आता ओरडतील. मग म्हणाल्या, "सगळ्या काढ. खालचा थर राहिलाय."

मला आयुष्यात सासूबाईंकडून मिळालेलं ते पहिलं उत्तेजन. मी अंग मोडून खालचा थर काढला. सगळा ढीग फाँशनं हातगाडीवर घालून नेला आणि त्याचं कोंबड्यांचं खुराडं शाकारलं. दृष्ट लागेल असं. माणसांना भाड्यानं द्यावं इतकं.

वसंतात होस्टा वर आले आणि त्यांच्या मागोमाग बिनशंखाच्या गोगलगाई. विल्मटकडे गोगलगाई का नव्हत्या ते मला तेव्हा कळलं. सगळ्या आमच्याकडे जेवायला येत होत्या. सकाळी पाहावं तर जरीच्या काठाचा फक्त काठ शिल्लक.

आता कुठल्याही ब्रेतों माणसाला, म्हणजे ब्रिटनीतल्या कुणालाही विचारा, गोगलगाई कशानं थांबतात? तो सांगेल, कालवांच्या शिंपल्यांनी. आमच्याकडे कालवं खाऊन झाली की शिंपला टाकत नाहीत. कोंबड्यांना कुटून घालतात, वाटेवर पसरतात, दार उघडं राहायला खाली सरकवतात. कुटलेल्या शिंपल्याची धार गोगलगाईच्या पोटाला टोचते आणि ती परत फिरते. मी पायथ्याभोवती शिंपल्यांचं कडं घातलं. गोगलगाईंनी ते कडं ओलांडलं नाही. पण आतल्या आत ज्या होत्या त्या आतच राहिल्या आणि निवांत जेवल्या.

म्हणून मी कडं रुंद केलं. मग सगळीकडेच पसरलं. नाताळात आमच्याकडे कालवं टोपलीनं येतात. त्या वर्षी मी आळीभर निरोप दिला की शिंपले कुणी फेकू नका. नवीन वर्षाच्या दिवशी आमच्या फाटकाशी एवढा ढीग झाला की नव्या पोस्टमननं पत्रं खिडकीतून आत टाकली. सासूबाईंनी नाताळच्या जेवणात प्लेटभर शिंपले माझ्यापुढं सरकवले.

"हे घे. बारीक कूट."

"आई, तुम्ही किती मनावर घेतलंय!"

"कूट," त्या म्हणाल्या.

कुटले. हिवाळाभर हातोडीनं कुटले. शिंपला म्हणजे चुना, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि आठवणं ही दोन खाती वेगळी आहेत, आणि माझ्याकडे दुसरं कधी नव्हतंच.

त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात फुलांच्या कडा जरा वांगी रंगाच्या दिसल्या. हवेवर ढकललं. पार्दोंला चालून गेलं, नुसती सोइझिक चष्मा पुसत राहिली. पुढच्या वर्षी जुलै लागला, कळ्या उमलायला लागल्या, आणि एका सकाळी आनाइगनं मला पायजम्यात बाहेर ओढत नेलं.

"बघ!"

गुलाबी. वांगी नाही, फिका नाही, शंकेला जागाच नाही असा गुलाबी. शिजवलेल्या कोळंबीचा रंग. सगळा ताटवा, फाटकापासून भिंतीपर्यंत. पाट्यांनी आणलेला निळा चुन्यानं खाल्ला होता.

"कुठं आहेत त्या पाट्या?" तिनं माझी बाही धरली. "कुठं आहेत, गुल्वेन? पार्दोंला आईनं काय न्यायचं? तिच्याकडे दुसरं काय आहे?"

ती रडायला लागली तेव्हा मला हे प्रकरण माझ्या डोक्यापेक्षा मोठं झाल्याचं कळलं. दोन आठवड्यांत गावासमोर म्हातारीच्या हातात रिकामी टोपली असणार होती, आणि ती मी रिकामी केलेली.

पहिलं काम, सासूबाईंना कळू न देणं. त्या महिन्यात त्यांचे गुडघे धरले होते, त्या खाली उतरत नव्हत्या. मी त्यांच्या खिडकीसमोर दोरी बांधली आणि घरातल्या सगळ्या चादरी वाळत घातल्या. संध्याकाळी काढायच्या, ओल्या करायच्या, सकाळी परत.

"यंदा धुणं फार काढलंस," त्या म्हणाल्या.

"हवा चांगली आहे, आई."

बाहेर पाऊस पडत होता.

दुसरं काम, निळा परत आणणं. फाँशकडे गेलो, म्हटलं, माझ्या पाट्या दे. तो म्हणाला, "अशक्य. कोंबड्या अंड्यांवर आहेत. डोक्यावरचं छप्पर काढलं तर त्यांच्या मनावर काय परिणाम होईल?" त्याऐवजी गंजलेले खिळे पुर, त्यानंही निळं होतं, असं त्यानं सुचवलं आणि गावभर सांगितलं. प्रत्येक घरातून डबाभर खिळे आले. काही वाफ्यात गेले, काही रस्त्यावर सांडले, आणि माझ्या जागी आलेल्या तरुण पोस्टमास्तरच्या गाडीची दोन चाकं आमच्याच फाटकासमोर बसली. त्यानं खाली उतरून अतिशय आदरानं मला विचारलं, "निवृत्तीत वेळ जात नाही का, साहेब?" या वाक्यातला 'साहेब' मला अजून टोचतो.

मग तुरटी. तीही निळं करते म्हणे. औषधांच्या दुकानात जाऊन दोन किलो मागितली. दुकानदारीणबाईंनी आधी माझ्या हनुवटीकडे पाहिलं.

"दाढी करताना कापलं?"

"हो."

"दोन किलो?"

रांगेत माझ्या मागे सोइझिक होती. तिच्याकडून संध्याकाळपर्यंत गावाला समजलं की गुल्वेननं काहीतरी करून घेतलंय.

शेवटची आशा चॅपेलच्या मागे होती. छपराची दुरुस्ती चाललेली, फुटक्या पाट्यांचा मोठा ढीग पडलेला. मी हातगाडी घेऊन गेलो आणि पहिली पाटी उचलली तोच मागून आवाज आला, "खाली ठेवा."

नगरपालिकेच्या चिटणीसबाई, मादाम गोआझिऊ. त्यांचं टपाल तीस वर्षं माझ्या खिडकीतून गेलं होतं, आणि तीस वर्षं त्या पोच लिहून घेत होत्या.

"फुटक्या आहेत हो," मी म्हणालो.

"चॅपेल संरक्षित आहे. चॅपेलचं छप्पर संरक्षित आहे. म्हणजे तुकडेही संरक्षित आहेत."

"टाकूनच देणार ना?"

"टाकून देऊ, पण संरक्षित करून टाकून देऊ. तुम्ही अर्ज करा. वर पाठवावा लागेल."

मी अर्ज केला. कारण या रकान्यात 'सासूबाई' लिहिलं. त्या म्हणाल्या, हे कारण होत नाही. मी म्हणालो, तुम्ही त्यांना ओळखता. त्यांनी थोडा विचार केला आणि शिक्का मारला. परवानगी सप्टेंबरात आली. अट एकच होती, की वापर झाल्यावर तुकडे होते त्या जागी परत ठेवावेत.

पण जुलै सप्टेंबरची वाट बघत नाही. पार्दोंच्या आदल्या दिवशी मी विल्मटच्या दारात गेलो. त्याच्या मागच्या अंगणात निळा हायड्रेंजिया होता. सासूबाईंइतका खोल नव्हे, पण निळा. मी सगळं सांगितलं. तो गंभीर झाला, छत्री न घेता पावसात थोडा उभा राहिला, आणि म्हणाला, "उद्या पहाटे या. सगळी तोडून न्या."

पहाटे मी आणि फाँश हातगाडी घेऊन गेलो, विल्मटची सगळी निळी फुलं तोडली, वर ओलं पोतं टाकलं, आणि सासूबाई उठायच्या आत घरी पोचायचं म्हणून जवळजवळ धावत आलो. फाटकाशी येऊन हातगाडी थांबली.

चादरी दोरीवर नव्हत्या. घडी करून भिंतीवर ठेवलेल्या होत्या. आणि ताटव्यात, लेसची टोपी घालून, एका हातात काठी आणि एका हातात कात्री घेऊन सासूबाई उभ्या होत्या. पायाशी टोपली. टोपलीत गुलाबी फुलं शीग लागेपर्यंत भरलेली. मागे आनाइग उभी, तिला काही विचारायची सोय नव्हती.

"पोत्याखाली काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

फाँश ताठ उभा राहिला. "फुलं, बाईसाहेब. निळी."

"कुणाची?"

"इंग्रजाची."

"मग इंग्रजाला परत नेऊन द्या." त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. "जावईबापू, टोपली उचला. उशीर होतोय."

मी टोपली उचलली. त्या वाटेवर मी कसा चाललो ते मला सांगता येत नाही. टोपल्या घेऊन आलेल्या बायका आम्हाला बघून बाजूला होत गेल्या आणि मागून येऊ लागल्या. चॅपेलच्या दाराशी पालखी तयार होती, मरियामाता निळ्या झग्यात उभी, पाद्रीबाबा बाजूला. त्यांनी टोपलीत पाहिलं आणि चष्मा वर केला. मग खाली केला.

सोइझिकला राहवलं नाही. "कॉरांतीन! अगं, हा काय रंग?"

"जोबचा," सासूबाई म्हणाल्या.

कुणाला काही समजलं नाही. त्या पालखीला टेकून उभ्या राहिल्या. म्हातारीला इतकं लांब बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"कोंकार्नो बंदराच्या बाजारातून आणलं त्यानं. लग्नाच्या वर्षी. बोटीवरून उतरला तो हे झाड कुंडीसकट बगलेत मारून. गुलाबी होतं. म्हणाला, तुझे गाल थंडीत असे होतात. मी म्हटलं, कोळंबीसारखे? म्हणाला, हो, पण चांगल्या कोळंबीसारखे." मागे कुणीतरी फिस्कन हसलं आणि गप्प झालं. "तो गेला, आणि महिन्याच्या आत तुम्ही सगळ्या आलात. पाट्या घेऊन. तू सगळ्यांत पुढं होतीस, सोइझिक. विधवेच्या दारात गुलाबी शोभत नाही म्हणालात. मरियामातेला निळं आवडतं म्हणालात. माझ्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, मी काय बोलणार? तुम्हीच खणलंत, तुम्हीच पुरलंत. मग निळा झाला, आणि गावानं मला मान दिला. चाळीस वर्षं मी तो मान टोपलीत घालून इथं आणते."

सोइझिकनं मान खाली घातली. म्हणाली, "तेव्हा तसंच वाटायचं गं."

"वाटायचं. मला नव्हतं वाटत." सासूबाईंनी पहिलं फूल उचललं. "आणि या मरियामातेला तरी कुठं कुणी विचारलं होतं? आज विचारू. नको असेल तर ती खाली टाकून देईल."

त्यांनी ते फूल पालखीला खोचलं. मग सोइझिक पुढं झाली, टोपलीतून एक फूल घेतलं, आणि त्याच्या शेजारी खोचलं. मग बाकीच्या बायका. पाद्रीबाबांनी घसा साफ केला आणि गाणं सुरू केलं, नेहमीपेक्षा बरंच वरच्या पट्टीत.

त्या दिवशी समुद्रावरून वारा होता. मी वाटभर पालखीवरून नजर काढली नाही. उतारावर एक फूल निसटून खाली पडलं. ते फाँशनं चटकन उचललं, कुणी पाहिलं का याचा अंदाज घेतला, आणि खिशात घातलं. बाकी सगळी समुद्रापर्यंत गेली आणि परत आली.

परतताना सासूबाईंनी माझा दंड धरला होता.

"आई, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? शिंपले, पाट्या, सगळं?"

"खालचा थर काढायला मी सांगितला, तो काय हवा खायला?"

"मग मला आधी का नाही सांगितलंत? मी कधीच काढल्या असत्या."

"सांगून काढल्या असत्यास तर गाव म्हणालं असतं, म्हातारीनं निळा मोडला. जावयानं आपल्या मनानं काढल्या की तो मूर्खपणा होतो. मूर्खपणाला गाव हसतं आणि सोडून देतं." थोडं चालून त्या म्हणाल्या, "तू निवृत्त व्हायची मी किती वर्षं वाट बघत होते, तुला काय माहीत."

मी टपालाची पोच द्यावी तशी मान हलवली.

फाटकाशी त्या थांबल्या. होस्टाची उरलीसुरली दोन पानं काठीनं बाजूला केली. म्हणाल्या, "हे काढ. इथं खुर्ची ठेव."

"कुठं? वाफ्यात?"

"पायथ्याशी."

स्वयंपाकघरातली गवती बैठकीची खुर्ची मी आणून ठेवली. त्या दिवसापासून पाऊस नसला की म्हातारी संध्याकाळी तिथं बसायची, काळ्या पोशाखात, खांद्यापर्यंत गुलाबी फुलं. आनाइग खिडकीतून बघायची आणि कांदे चिरत नसली तरी डोळे पुसायची. ऑगस्टात समिती पुन्हा आली. वहीवाल्या बाईंनी कुंपणावरून डोकावून मला विचारलं, "पायथ्याला यंदा काय लावलंय?"

"सासूबाई," मी म्हणालो.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बक्षीस विल्मटला मिळालं, त्याच्या बागेत एकही फूल शिल्लक नसताना. समितीला तो संयम वाटला.

सासूबाई त्यानंतर पाच पार्दों जगल्या. पालखी गुलाबी गेली, पाचही वेळा, आणि आता तर गावात कुणाला सांगितलं की ती कधीकाळी निळी होती, तर नवी पोरं हसतात. फाँश गेला, त्याचं खुराडं आहे, छप्पर अजून गळत नाही. सोइझिक गेली. तिच्या दारातही शेवटी शेवटी गुलाबी होता, आणि तिच्या पाट्या काढायला ती मलाच बोलवायची. नाताळात आळीतले लोक न सांगता शिंपले आणून टाकतात आणि मी ते कुटतो. हल्ली एका बैठकीत होत नाहीत, हात भरून येतात.

आता मीच ऐंशीच्या पुढं आलोय. संध्याकाळी त्या खुर्चीत बसतो. आनाइगला उतरणं जमत नाही, ती वरच्या खिडकीतून बघते, आईच्याच खिडकीतून.

"गुल्वेन," परवा ती ओरडली, "पायथा टकलाच दिसतोय अजून!"

मी टोपी काढून मांडीवर ठेवली, म्हणजे तिला नीट दिसावा.